झोपमोड

औषधांच्या दुकानात त्याने घशाच्या गोळ्या मागितल्या, एवढंच झालं. "पिवळ्या डबीतल्या द्या, बिनसाखरेच्या." एवढ्या चार शब्दांनी कुणाचं काही बिघडत नाही, असं आपलं माणसाला वाटतं. पण रांगेत त्याच्या मागे उभी असलेली बाई इतका वेळ काचेच्या कपाटाला टेकून, डोळे मिटून उभी होती, तिने ते उघडले. "तुम्हीच ना ते?" तिने विचारलं. "कोण?" तो म्हणाला, आणि हे 'कोण' म्हणतानाच आपण सापडलो हे त्याला कळलं. "सकाळचे," बाई म्हणाली. दुकानदार गल्ल्यामागे खुदकन हसला. बाई चिडलेली नव्हती. चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. चिडणाऱ्यांसाठी त्याच्याकडे एक हसू होतं, निवडणुकीच्या निकालापासून इतकं वापरलेलं की कडांना झिजलं होतं. बाई नुसती दमलेली होती. तिच्या गालावर मास्कच्या दोरीचा वळ होता. "आम्ही जागेच होतो हो," ती म्हणाली, जणू कुणी पत्ता चुकून दार वाजवावं आणि आपण त्याला समजावून सांगावं तशी. "रात्रभर उभं राहून यायचो. जरा पाठ टेकली की तुमची गाडी." मग तिने दुकानदारापुढे चिठ्ठी सरकवली आणि पुन्हा डोळे मिटले. त्याच्याशी तिचं काही काम उरलं नव्हतं.

तो गोळ्यांची डबी मुठीत धरून रस्त्यावर आला आणि पक्षाच्या कार्यालयाकडे चालू लागला. 'आम्ही जागेच होतो.' काय वाक्य आहे! त्यात त्याच्याच 'आम्ही जागे आहोत' या घोषणेतले दोन शब्द होते आणि मधला एक 'च' तेवढा बाईने स्वतःच्या खिशातून घातला होता. त्या 'च'ने सगळी इमारत खाली आणली. त्याला शब्दांतलं असं ऐकू यायचं. त्याचं पोटच त्यावर होतं. शहरातल्या निम्म्या लोकांनी त्याचं तोंड न पाहता त्याला शिव्या घातल्या होत्या. वीज गेली, पाणी गेलं, बँकेचं कार्ड अडकलं की लोक फोन लावायचे आणि पलीकडून रेकॉर्ड केलेला तो म्हणायचा, "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा. आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे." मऊ, दाट, घाई नसलेला आवाज, बायकोच्या भाषेत, सायीचा. मित्र त्याला 'आवाज' म्हणत. "काय आवाज, काल पाऊण तास तुझ्याशी बोलत होतो रे, एक शब्द ऐकून घेशील तर शपथ!" तोही हसायचा. लिफ्टमध्येही तोच होता. दार उघडत आहे, दार बंद होत आहे, तिसरा मजला, चौथा मजला. ज्या सरकारी रुग्णालयात त्याची बायको रात्रपाळीची नर्स होती, तिथली लिफ्टही त्याच्याच तोंडाने बोलायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती सकाळी घरी येऊन सांगायची, "रात्री चारदा तू मला वॉर्डात सोडलंस. एकदा तर लिफ्टमध्ये मी एकटीच होते. चौथा मजला म्हणालास ना, तर मी म्हटलं, आले रे बाबा." त्याला त्याचं केवढं वाटायचं. दुसऱ्या कोणत्या नवऱ्याला असं घरी झोपून बायकोला पोचवता येतं?

राजकारणात तो असा तसा आला नव्हता, हे सांगायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. त्याला मनापासून वाटत होतं. पलीकडच्या पक्षाचे लोक आले तर माणसं एकमेकांकडे कशी बघतील या विचाराने तो खरोखर घाबरायचा. त्याने पैसा घेतला नाही, पद मागितलं नाही, फक्त आवाज दिला. आणि ज्याच्याकडे देण्यासारखी एकच वस्तू असते त्याला ती दिल्यावर जो थोडा माज चढतो, तेवढा त्यालाही चढला. घोषणा त्याचीच होती. 'आम्ही जागे आहोत! तुम्हीही जागे व्हा!' स्वयंपाकघरात, बटाटे सोलत बसलेल्या बायकोला त्याने ती पहिल्यांदा म्हणून दाखवली. ती म्हणाली, "आम्ही म्हणजे कोण?" "म्हणजे आपणच की." "मग आपण म्हण ना. आपण जागे राहू. तेवढ्यानं भागतंय." त्याने तिला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं, पण प्रेमाने. 'आपण' भोंग्यात चालत नाही. शेवटचा 'ण' खाली बसतो, चिखलात पाय रुतावा तसा. 'आम्ही'चा ईकार कसा वर जातो, हवा तितका ताणता येतो, चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो. "पोचतो तो खरा," ती म्हणाली आणि बटाट्याचा एक डोळा सुरीच्या टोकाने काढला. त्या वेळी त्याला तिचा मुद्दा व्याकरणाचा वाटला. त्याला व्याकरणातलं सगळं कळत होतं. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की आत येतो, ही सोय प्रत्येक भाषेत नसते, आपल्यात आहे, हे तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. कौतुकाच्या गोष्टी माणूस काचेच्या कपाटात ठेवतो, वापरायला काढत नाही.

गाडी सकाळी निघायची. "सकाळी माणसं घरी सापडतात," असं भाऊ म्हणाले होते. भाऊ म्हणजे पक्षाचे अध्यक्ष, सगळ्यांचे भाऊ आणि कुणाचंच न ऐकणारे. आणि सुरुवात व्हायची ती शहराच्या कडेच्या वस्तीतून. रुग्णालय तिथे, मालाची गोदामं तिथे, पहाटेचा पाव भाजणाऱ्या भट्ट्या तिथे. त्यामुळे रात्रीची कामं करणारे सगळे तिथेच राहत. भाडं कमी म्हणून आणि बायकोला पायी जाता यावं म्हणून तोही तिथेच राहत होता. त्या गल्लीत दिवसा पाहिलं तर खिडक्याच नाहीत असं वाटावं. कुणी काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, कुणी काळी चादर लावलेली, कुणी कपाटच खिडकीला पाठ करून उभं केलेलं. तिथली मुलंसुद्धा दुपारी हळू खेळत. त्या गल्लीत, लोक नुकते बूट काढून आडवे होत असताना, चार भोंग्यांची गाडी शिरायची आणि त्याच्या सायीच्या आवाजात ओरडायची, तुम्हीही जागे व्हा. असे सहा आठवडे. भाऊंना हे माहीत नव्हतं, हे समजू शकतं. भाऊ शहराच्या मधोमध राहतात. पण तो तिथेच राहत होता. तो त्या सकाळी गाडीत पुढे, ड्रायव्हरशेजारी बसलेला असायचा आणि स्वतःच्या घराखालून जाताना वर बघून त्याला अभिमान वाटायचा. बायकोच्या कानात कापूस असेल, उशी डोक्यावर असेल, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि लक्षात येणं यांची गाठ पडायला मात्र निकाल लागावा लागला.

मध्ये एकदा तिने सांगितलं होतं. डाळ धूत होती, पाठमोरी. "काल माझ्या हातात भलत्याच खाटेची सलाइनची बाटली होती. लावायला सुई हातात घेतली आणि पेशंटच म्हणाला, सिस्टर, माझी तर बंद केली ना सकाळी?" तिने पाणी ओतून टाकलं, दुसरं घेतलं. "तो शुद्धीवर होता म्हणून." तेव्हा तो काय म्हणाला? तो म्हणाला, "थोडेच दिवस राहिलेत गं." हे वाक्य आता त्याला रस्त्यातून जाताना, दात घासताना, स्टुडिओत मायक्रोफोनपुढे श्वास घेताना ऐकू यायचं, आणि प्रत्येक वेळी ते थोडं जास्त चांगल्या आवाजात ऐकू यायचं.

मतदानाच्या दिवशी प्रचार बंद असतो. त्या दिवशी गाडी निघाली नाही. तो पहाटेच केंद्रावर गेला आणि दिवस मावळल्यावर परत आला, तर बायको न्हाऊन, केस मोकळे सोडून, पोरीसारखी ताजी होऊन बसलेली. "काय झोप लागली रे!" ती म्हणाली. "मेल्यासारखी. गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता." "आणि मत?" त्याने विचारलं. तिने जीभ चावली. "अगं बाई!" मग दोघं हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तो तिच्या ओल्या केसांना म्हणाला, एका मतानं काय होतंय. त्यांच्या घरातलं दोघांचं मिळून ते शेवटचं हसू, आणि तेही पराभवाचंच होतं. कारण निकाल लागला तेव्हा कळलं की वस्ती बाहेर पडलीच नव्हती. पलीकडच्यांना तिथे फार मतं नव्हती. आपल्याला तर त्याहून कमी. बाकी शहर बरोबर मधोमध चिरलं होतं, शेजारी शेजाऱ्याकडे बघत नव्हता, त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने त्याला "आता झोपा निवांत" एवढंच म्हणून फोन ठेवून दिला होता. अशा चिरलेल्या शहरात ही एक झोपलेली वस्ती पलीकडच्यांचं पारडं जड करून गेली. वर्तमानपत्रांनी तिला उदासीन म्हटलं. उदासीन! सहा आठवड्यांत पहिल्यांदा गाडी आली नाही म्हणून ती झोपली होती. हे फक्त त्याला ठाऊक होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे स्वतःच्या आवाजानेच सांगावं लागणार.

आणि आता पक्षाचा हा मोर्चा. नव्या सरकारने येताच रुग्णालयाच्या रात्रपाळीचे सगळे कर्मचारी कंत्राटी करायचं ठरवलं होतं, म्हणजे बायकोची पंधरा वर्षांची नोकरी महिन्या महिन्याच्या बोलीवर येणार होती. मोर्चा न्यायाचा होता, त्यात वाद नाही. आज सकाळी ती कामावरून आली, बूट काढता काढता म्हणाली, "मोर्चा आमच्यासाठी आहे म्हणे."

"हो मग!"

"आम्हाला विचारलं कुणी?"

"अगं, तुमच्या नोकऱ्या—"

"किती वाजता?"

"चारला."

"चारला मी झोपलेली असते." तिने बूट भिंतीशी जुळवून ठेवले. "वॉर्डात दोघी कमी आहेत. आज मला झोपायलाच हवं. गाडी या गल्लीतून आली ना, तर मी ताईकडे राहायला जाईन. भांडत नाहीये. सांगून ठेवतेय."

"मी बघतो ना."

"बघू नकोस. बदल."

तेवढ्यासाठी तो आज बैठकीला चालला होता. मार्ग बदलून घ्यायला. खरं तर मार्ग मोठ्या रस्त्यावरूनच ठरला होता. गल्लीपुढे 'शक्य झाल्यास' असं लिहिलेलं होतं. तेवढी ती 'शक्य झाल्यास'ची ओळच खोडायची, की काम झालं. कुणाला कळणारही नाही. असं त्याने घरून निघताना ठरवलं होतं; मग औषधांच्या दुकानात ती बाई भेटली.

कार्यालयात न वाटलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते आणि खुर्च्या मंडपवाल्याने नेल्या होत्या, त्यामुळे लोक स्वतःच्याच आश्वासनांवर बसले होते. आत्मपरीक्षणाची ही तिसरी बैठक. "आपण कुठे चुकलो," भाऊ म्हणाले, "यावर आज मोकळेपणाने बोलायचं. कुणी कुणाला दुखवायचं नाही." तो भिंतीशी बसून ऐकू लागला आणि आज त्याला फक्त एकच शब्द ऐकू येत होता. आपण. या शब्दाची मोठी गंमत आहे. तो म्हणजे मी आणि तू, आणि तोच म्हणजे अत्यंत आदराने, हात जोडून, फक्त तू. कोणता, ते वाक्य संपल्याशिवाय कळत नाही. 'आपण चुकलो' की 'आपण चुकलात', हे शेवटच्या एका अक्षरात ठरतं, तोवर ऐकणाऱ्याने जीव मुठीत धरून बसायचं. इथे मात्र सगळे 'लो'वरच थांबत होते. आपण तळागाळापर्यंत पोचलो नाही, असं सर म्हणाले. सर निवृत्त प्राध्यापक होते आणि तळागाळ हा शब्द ते फार सुंदर उच्चारत. आपण गाफील राहिलो, असं कुणी म्हणालं. आपण तरुणांची भाषा बोललो नाही. वर्गणी काढावी तशी प्रत्येकाने थोडी थोडी चूक ताटात टाकली, ताट भरलं, आणि कुणाचाच खिसा हलका झाला नाही. तोंडाने 'लो' आणि मनात 'लात', हे तर प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसत होतं. फक्त वकीलबाई, ज्या सगळ्यांत मागे बसून पत्रकाची होडी करत होत्या, त्या म्हणाल्या, "लोकांनी आपल्याला ऐकलं नाही असं नाहीये. ऐकलं. म्हणून तर हरलो." सगळे हसले. भाऊ म्हणाले, "वकीलबाई नेहमी उलटतपासणी घेतात," आणि तो मुद्दाही ताटात पडला.

मग तो उठला. उठायची गरज नव्हती. 'शक्य झाल्यास'बद्दल भाऊंच्या कानात सांगायचं, एवढंच होतं. पण गालावरचा तो वळ त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. तो म्हणाला, "मी चुकलो." हे एकवचन त्या खोलीत इतकं नवं होतं की सगळ्यांनी वळून पाहिलं. त्याने सांगितलं. वस्ती रात्रपाळीची आहे, सहा आठवडे आपण त्यांची झोप मोडली, जागे असलेल्यांना जागे व्हा म्हटलं; मतदानाच्या दिवशी गाडी नव्हती म्हणून ते झोपले; त्याची स्वतःची बायको झोपली. इथे खोलीत हसू फुटलं, प्रेमाचंच हसू होतं. घोषणा माझी, आवाज माझा, मी त्याच गल्लीत राहतो. बोलताना त्याला जाणवत होतं की आपला आवाज सुंदर लागतो आहे. पश्चात्तापाला तो फारच शोभत होता. सरांनी तर डोळे मिटले होते, गाणं ऐकताना मिटतात तसे. त्याला वाटलं, पोचलं. त्याला आतून इतकं हलकं वाटलं, की त्याने खिशातली गोळ्यांची डबी घट्ट धरली.

"झोपले!" भाऊ म्हणाले. "ऐकलंत का? देशाचं भवितव्य ठरत होतं आणि लोक झोपले होते! अरे, मग घोषणा चुकली कुठे? तंतोतंत बरोबर होती!" आणि त्यांनी टाळी वाजवली. टाळी पसरत गेली. सर म्हणाले, हे प्रतीकात्मकदृष्ट्या फार मोलाचं आहे. भाऊंनी कागद पुढे ओढला, 'शक्य झाल्यास' हे शब्द बोटाखाली धरले आणि पेनाने खोडले. "मोर्चा वस्तीतूनच काढायचा. गल्लीगल्लीत थांबत. आवाजराव, तुम्ही आज आमचे डोळे उघडलेत!" तो म्हणाला, भाऊ, मी म्हणत होतो की— "अगदी बरोबर," भाऊ म्हणाले. त्याने पुन्हा तोंड उघडलं तेव्हा त्याच्या शेजारी बसलेला माणूस त्याचा दंड दाबून म्हणाला, "स्वतःला इतकं लावून घेऊ नका हो." माणसाने आयुष्यात एकदा खरं बोलावं आणि त्याची अशी वरात निघावी! गप्प बसला असता तर गल्ली वाचली असती. जिन्यात वकीलबाई त्याच्या मागून आल्या. "तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं," त्या म्हणाल्या. "मग आत बोलला का नाहीत?" "कळलंच आत्ता, तिसऱ्या पायरीवर." त्यांनी ती होडी त्याच्या हातात दिली, का ते त्यांनाही ठाऊक नसावं, आणि त्या उतरून गेल्या.

त्याने एकच ठरवलं होतं, की बोलायचं नाही. दुपारी गाडीपाशी जाऊन त्याने ड्रायव्हरला सांगितलं, "आज माझा घसा बसलाय. मी माइक घेणार नाही." ड्रायव्हर भला माणूस, सहा आठवडे दोघांनी एका थर्मासातला चहा घेतला होता. "नका घेऊ," तो म्हणाला. "घशाला त्रास कशाला? तुम्ही आहात की यात." आणि त्याने नखाएवढा पेनड्राइव्ह दाखवला, दोरीला बांधलेला, हरवू नये म्हणून.

मोर्चात माणसं थोडी होती. मोठ्या रस्त्यावर ती आणखी थोडी वाटली; गल्लीत शिरल्यावर, भिंती जवळ आल्यामुळे, जरा बरी दिसू लागली. ऊन तिरपं होतं. वर्तमानपत्रं लावलेल्या काचांवर निकालाच्या आधीचे मथळे पिवळे पडले होते. गाडी कट्टकन थांबली, खरखर झाली, आणि भोंग्यांतून तो म्हणाला, "आम्ही जागे आहोत!" निकालाआधीचा तो. काय आवाज होता! त्यात एक फट नव्हती. गाडीला लागून चालताना त्याने तोंड घट्ट मिटलं होतं आणि भोंग्याच्या पत्र्यावर हात ठेवला होता. पत्रा थरथरत होता, आणि ती थरथर त्याच्या मनगटातून गळ्यापर्यंत येत होती. गळा बंद असूनही जणू आतून बोलत होता. त्याने काचेवर टकटक करून ड्रायव्हरला खूण केली, आवाज कमी कर. ड्रायव्हरने केला. भाऊंनी खिडकीतून हात घालून वाढवला. पेनड्राइव्हची दोरी त्याला दिसत होती, हाताच्या अंतरावर, गाडीच्या धक्क्याने डुलत होती. एक झटका, की संपलं. त्याने हात पुढे केला, आणि तेव्हाच मागचे लोक ओरडले, "तुम्हीही जागे व्हा!" त्याने वळून पाहिलं. निकालापासून ज्यांचे खांदे पडले होते ते लोक. सर ओरडत होते, मानेच्या शिरा फुगवून. एक म्हातारा कार्यकर्ता, ज्याच्या मुलाने निकालानंतर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, तो ओरडता ओरडता रडत होता आणि रडताना त्याला बरं वाटत होतं, हे लांबूनही दिसत होतं. या लोकांजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. एवढं एक वाक्य होतं आणि तेही त्याने दिलेलं. त्याचा हात दोरीपाशी राहिला, दोरीला लागलासुद्धा, आणि मग त्याने तो खिशात घातला, जणू पिवळी डबी शोधायलाच निघाला होता. खिशात होडी लागली. ती त्याने चुरगळली.

वर एकेका खिडकीतली चादर बाजूला होऊ लागली. कुणी ओरडलं नाही. एकानेही काही फेकलं नाही, शिवी दिली नाही. त्याला आशा होती, कुणीतरी देईल. लोक नुसते उभे राहून, उजेडाने डोळे बारीक करून खाली बघत होते, चुकीच्या दिवशी आलेल्या वरातीकडे बघावं तसे. औषधांच्या दुकानातली बाई त्यांच्यात असेल, नसेल. त्या अंतरावरून सगळ्यांच्या गालांवर वळ होते. "हो, हो," एक पुरुष वरून म्हणाला, अगदी समजुतीने, "झालो जागे." मोर्चातल्या काहींनी त्यावर टाळ्या वाजवल्या. त्याच्या घराचा पडदा मात्र हलला नाही. गाडी त्याखाली दोनदा थांबली, भोंगा दोनदा बोलला, आणि पडदा तसाच. त्याला वाटलं, झोपली आहे. कापूस घातला असेल, दोन्ही उशा घेतल्या असतील. गल्ली संपेपर्यंत तो हेच वाटून घेत चालला, आणि मोर्चा वळल्यावर, कुणाला न सांगता, मागे राहिला.

घराचं दार आतून उघडंच होतं. अंथरूण आवरलेलं होतं, उशा एकावर एक. ती बाहेर जायच्या कपड्यांत, जेवणाच्या टेबलाशी बसून चहा पीत होती, आणि पायाशी निळी पिशवी होती, जी ते दोघं गावाला जाताना घेत. तिने त्याच्यासाठीही कप झाकून ठेवला होता. "झोप लागली?" त्याने विचारलं, मोर्चाभर मिटून ठेवलेला घसा इतका खरखरला की तिने मान वर केली. "लागत होती," ती म्हणाली. "मग तुझा आवाज आला. मी म्हटलं, बदलून घेतो म्हणाला होता, काहीतरी चुकून आली असेल गाडी. मग दुसऱ्यांदा आला." तिचा सूर चांगला होता. वॉर्डातल्या पेशंटशी असायचा तसा. त्याने सांगायला सुरुवात केली की तो माइकवर नव्हता, ते रेकॉर्डिंग होतं, बैठकीत तो बोलला होता, उलट तो बोलला म्हणूनच— आणि तो थांबला, कारण हेही पश्चात्तापाला शोभण्याइतकं सुंदर लागायला लागलं होतं. "ठाऊक आहे रे मला," ती म्हणाली. "तू वाईट नाहीस." तिने कप विसळून पालथा घातला. "रुग्णालयात हल्ली मी जिन्याने जाते. चार मजले. पाय भरून येतात, पण जाते." हे ती इतक्या सहज म्हणाली, की त्याला आधी त्यातली बातमीच कळली नाही. कळली तेव्हा तिने पिशवी उचलली होती.

त्याला म्हणायचं होतं, थांब. नुसतं थांब, एकेरीत, मोडक्या घशाने, पंधरा वर्षांच्या सवयीने. पण घसा साफ करून तो बोलला तेव्हा बाहेर आलं ते मऊ आलं, दाट आलं, घाई नसलेलं आलं. "जरा थांबतेस का, प्लीज." शब्द त्याचे होते, पण स्टुडिओतला माणूस बोलला. ते त्याने ऐकलं, आणि तिनेही ऐकलं. दारात ती वळली आणि तिच्या चेहऱ्यावर, कुठून कोण जाणे, मतदानाच्या दिवशीचं ते हसू आलं.

"आपण," ती म्हणाली.

आणि ती थांबली. पिशवीचा बंद खांद्यावर नीट बसत नव्हता, तो सरळ करायला. तेवढ्या वेळात तो टेबलाची कड धरून उभा राहिला. आपण. बटाटे सोलताना तिने मागितलेला शब्द. खालून, दोन गल्ल्या पलीकडून, त्याचा आवाज अजून येत होता, आम्ही, आम्ही, ईकार लांबवत. त्याने कान तिकडून काढून घेतले आणि तिच्या ओठांकडे बघत राहिला. वाक्य अजून संपलं नव्हतं.

"...रांगेत आहात," तिने त्याच्याच सुरात ते पूर्ण केलं, अगदी हुबेहूब, आणि ती जिन्याने खाली गेली.